बास्केटबॉल कार्डांची जुनी बंद पाकिटं: फोडावीत की ठेवावीत?

शुभदा_नेपरविल

नमस्कार मंडळी. इथे कार्डं जमवणारं कुणी आहे का, ठाऊक नाही, पण विचारून बघते.

आमच्या शेजारचे आजी-आजोबा घर विकून ॲरिझोनाला मुलीकडे राहायला चाललेत. आवराआवरीत आमचा ईशान (वय तेरा, शाळेच्या बास्केटबॉल टीममध्ये गार्ड) त्यांना खोकी उचलून द्यायला जात होता. परवा आजोबांनी त्याच्या हातात बुटांचं एक खोकं ठेवलं. आत बास्केटबॉल कार्डांची सहा पाकिटं, सगळी न फोडलेली. त्यांच्या मुलाने शाळेत असताना घेतली होती आणि तो कॉलेजला गेल्यापासून बेसमेंटच्या कपाटात पडून होती म्हणे. त्या मुलाला (आता पन्नाशीचा आहे) आम्ही फोन करून विचारलं. तो म्हणाला, ईशानचीच आहेत आता, त्याला हवं ते करू दे.

चार पाकिटं 'एनबीए हूप्स', १९९०-९१ ची. एक 'अपर डेक', १९९१-९२ चं. आणि एक 'फ्लीअर', मेणकागदाचं, मागे घडी घालून चिकटवलेलं, १९८८-८९ चं. अपर डेकचं पाकीट हलकेच दाबून बघितलं, तर आतली कार्डं सुटी लागत नाहीत, सगळी मिळून एक कडक गठ्ठा झालाय.

ईशानला आत्ताच्या आत्ता फोडायची आहेत. नवरा म्हणतो, विकून टाक आणि पैसे त्याच्या खात्यात घाल. मला यातलं ओ की ठो कळत नाही, म्हणून निर्णय होईपर्यंत खोकं फ्रिजवर ठेवून दिलंय. पाकिटं फोडली तर नुकसान होईल का? आणि फोडायचीच असली तर काही पद्धत असते का?

मिलिंद_फ्रेमाँट

अजिबात फोडू नका. मायकल जॉर्डनचं एक जुनं कार्ड सात लाख डॉलरच्या वर गेलेलं मी वाचलंय, तेही फ्लीअरचंच होतं. जुनं बंद पाकीट म्हणजे एफडी समजा. मुलगा अठराचा झाला की बघा.

अनंत_कोलंबस

शुभदाताई, आधी उठा आणि ते खोकं फ्रिजवरून खाली काढा. तिथे मागची गरम हवा वर येते, आणि मेणकागदाच्या पाकिटाला ऊब सोसत नाही. बेडरूमच्या कपाटात मधल्या कप्प्यात ठेवा. मग सावकाश पुढचं वाचा.

मी १९९० साली एम.एस. करायला ओहायोत आलो, तेव्हापासून कार्डं जमवतोय. खोलीत टीव्ही नव्हता. एनबीएतले खेळाडू मी आधी कार्डांवर पाहिले आणि मग कधीतरी मित्राच्या घरी खेळताना. हूप्सची ती चंदेरी कडेची कार्डं तेव्हा किराणा दुकानाच्या गल्ल्यापाशी मिळायची. पुढे बरीच वर्षं मी इथल्या कार्ड शोमध्ये टेबल लावलं. तुमच्याकडे आहेत तशी पाकिटं माझ्या हातून ढिगाने गेलीत, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

मिलिंदराव म्हणतात ते कार्ड खरं आहे, पण ते या पाकिटांतलं नाही. ते फ्लीअरच्या १९८६-८७ च्या संचातलं ५७ नंबरचं. जानेवारी २०२१ मध्ये त्याला लिलावात ७,३८,००० डॉलर मिळाले, कारण त्याला पीएसए या कार्डं तपासणाऱ्या कंपनीची दहापैकी दहा श्रेणी होती. त्या संचामागची गोष्ट अशी. टॉप्सने १९८१-८२ नंतर बास्केटबॉलची कार्डं काढणं थांबवलं. मधली काही वर्षं स्टार नावाची कंपनी कार्डं काढायची, पण ती पिशव्यांत भरून विक्रेत्यांमार्फत जायची, कोपऱ्यावरच्या दुकानात पोरांना मिळायची नाहीत. १९८६ मध्ये फ्लीअरने १३२ कार्डांचा संच काढला. पाकिटात १२ कार्डं, एक स्टिकर आणि च्युइंगगमची एक पट्टी. तेव्हा त्याला फारसं गिऱ्हाईक नव्हतं, दुकानांत खोकी पडून राहिली. जॉर्डनसोबत बार्कली, ओलाजुवान, यूइंग, कार्ल मलोन यांची फ्लीअरमधली पहिली कार्डं त्याच एका संचात आहेत. तसलं पाकीट कुणाकडे निघालं तर मी सांगेन, हातही लावू नका, बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा.

तुमची गोष्ट वेगळी आहे, आणि प्रत्येक पाकिटाची पुन्हा वेगळी.

हूप्सची चारही फोडा. निर्धास्त फोडा. १९९० च्या आसपास कार्डांचं एवढं पेव फुटलं की फ्लीअर होतंच, हूप्स आदल्या वर्षी आलं होतं, त्या वर्षी स्कायबॉक्स आलं, पुढच्या वर्षी अपर डेक आलं आणि त्याच्या पुढच्या वर्षी टॉप्सही परत आलं. सगळ्यांनी छापखाने दिवसरात्र चालवले. आणि लोकांनी काय केलं, तर पुढे मोल येईल म्हणून खोकीच्या खोकी न फोडता बेसमेंटमध्ये रचून ठेवली. ती सगळी खोकी अजून आहेत! आज शोमध्ये हूप्सचं एक पाकीट दोन-तीन डॉलरला मिळतं. तुमच्या मुलाने अठराव्या वर्षापर्यंत वाट पाहिली तरी त्यात काही फरक पडणार नाही, पण तेराव्या वर्षी स्वतःच्या हाताने पाकीट फोडण्याची मजा मात्र तेव्हा उरणार नाही. माझं हे मत पक्कं आहे आणि मी ते शोमध्ये येणाऱ्या प्रत्येक आईबापाला सांगत आलोय. या काळातली कार्डं बघण्यासाठी आहेत.

आणि बघण्यासारखं त्यात पुष्कळ आहे. ही पाकिटं १९९० च्या शरद ऋतूत दुकानांत आली. तेव्हा जॉर्डनच्या शिकागो बुल्सच्या नावावर एकही अजिंक्यपद नव्हतं. त्याच उन्हाळ्यात डेट्रॉइटने त्यांना सातव्या सामन्यात घरी पाठवलं होतं. जॉर्डन निघाला (६५ नंबर) तर कार्ड उलटून मागचे आकडे ईशानला वाचायला सांगा. १९८९-९० मध्ये सामन्याला सरासरी ३३.६ गुण, आणि हाताशी चषक एकही नाही. पहिला चषक जून १९९१ मध्ये आला, म्हणजे हे कार्ड छापून झाल्यावर. शिकागोजवळ वाढणाऱ्या पोराला जॉर्डन म्हणजे सहा चषकांचा जॉर्डन एवढंच ठाऊक असतं. हा त्याच्या आधीचा माणूस आहे.

आता दोन कार्डं मुद्दाम शोधा. एक, सॅम व्हिन्सेंट, २२३ नंबर, ऑरलँडो मॅजिकचा. समोर सॅम चेंडू घेऊन चाललाय आणि त्याला अडवायला उभा आहे जॉर्डन, पण १२ नंबरच्या जर्सीत! १४ फेब्रुवारी १९९० ला ऑरलँडोत सामन्याआधी त्याची २३ नंबरची जर्सी चोरीला गेली, म्हणून त्याला मागे नाव नसलेली १२ नंबरची घालावी लागली. आयुष्यात तो त्या नंबराने एकदाच खेळला आणि तो क्षण नेमका दुसऱ्याच्या कार्डावर छापला गेला. हूप्सने नंतर याच कार्डाची जॉर्डन नसलेल्या फोटोची आवृत्ती काढली, त्यामुळे दोन्ही प्रकार सापडतात. दुसरं, मार्क जॅक्सन, २०५ नंबर, न्यूयॉर्क निक्सचा. त्याच्या मागे कोर्टालगतच्या खुर्च्यांवर दोन तरुण बसलेत. ते मेनेंडेझ बंधू. आईवडिलांच्या खुनासाठी पुढे जन्मठेप झालेले तेच. खून ऑगस्ट १९८९ मधला, अटक मार्च १९९० मधली, आणि हा फोटो त्या मधल्या महिन्यांतला. जवळजवळ तीस वर्षं हे कार्ड लाखो लोकांच्या डब्यात पडून होतं आणि कुणी मागे बघितलं नव्हतं. २०१८ मध्ये ते उजेडात आलं. ईशानला किती सांगायचं ते तुम्ही ठरवा, पण कार्ड बघताना मागची माणसंही बघायची, ही सवय त्याला लागली तर चांगलंच आहे.

फ्लीअर १९८८-८९ चं पाकीट मात्र ठेवा. हे मी पैशाच्या हिशोबाने सांगतोय आणि हिशोब सोपा आहे. संच १३२ कार्डांचा, पाकिटात डझनभर. यातलं ज्याच्यामागे सगळे असतात ते स्कॉटी पिपेनचं पहिलं कार्ड (२० नंबर) निघण्याची शक्यता अकरात एक. रॉडमन, स्टॉकटन, रेजी मिलर यांची फ्लीअरमधली पहिली कार्डंही यातच आहेत, जॉर्डनची दोन आहेत. पण निघालेलं कार्ड मधोमध छापलेलं हवं, कोपरे शाबूत हवेत, मेणाचा डाग नको. एवढं सगळं जमून येणं अवघड असतं, आणि न फोडलेल्या पाकिटाला शंभराच्या वर डॉलर सहज मिळतात. मेणकागद किंचित पारदर्शक असतो. उजेडात धरा, बाहेरच्या बाजूच्या कार्डावरचा चेहरा पुसट दिसला तर सांगा कोण आहे ते. ओरखडे न काढता, न वाकवता.

एक शंका मी आधीच काढून टाकतो. मेणकागदाची पाकिटं गरम इस्त्रीने उघडून, चांगली कार्डं काढून घेऊन, परत चिकटवणारे भामटे खूप आहेत. घडीजवळ मेणाच्या दोन वेगवेगळ्या रेषा दिसल्या, किंवा तिथली चकाकी बाकीच्या कागदापेक्षा निराळी वाटली, की समजायचं. तुमचं पाकीट थेट मूळ मालकाच्या कपाटातून आलंय, त्याहून चांगला दाखला नाही. आजोबांकडून एका कागदावर दोन ओळी लिहून घ्या, कधी आणि कुठे घेतलं ते. ॲरिझोनाला जायच्या आत.

अपर डेकबद्दल वेगळं लिहितो, आत्ता जेवायला हाक आली.

श्रीनिवास_नागपूर

वा अनंतराव, मस्त माहिती. आमच्या नागपूरला बास्केटबॉलचं वेड जुनं आहे. मी शाळेत सिमेंटच्या कोर्टवर अनवाणी खेळलोय. पण कार्डं म्हणजे आमच्याकडे डब्ल्यूडब्ल्यूएफची ट्रंप कार्डं. वजन, उंची, छाती यावर पैजा लावायच्या आणि जिंकलेली खिशात घालायची. हे श्रेणी प्रकरण जरा समजावून सांगा ना. सारखं दिसणारं कार्ड, मग एकाला सात लाख कसे?

अनंत_कोलंबस

श्रीनिवास, पीएसए ही १९९१ मध्ये सुरू झालेली कंपनी. तुम्ही कार्ड पाठवायचं, ते खरं आहे का तपासतात, मग एक ते दहा अशी श्रेणी देऊन कडक पारदर्शक प्लास्टिकमध्ये बंद करून परत पाठवतात. बघायच्या गोष्टी चार. छपाई चौकटीत मधोमध आहे का, कोपरे टोकदार आहेत का, कडा फुटल्यात का, आणि पृष्ठभागावर ओरखडा, डाग, छपाईचा ठिपका आहे का. १९८६ च्या फ्लीअरची कडा लाल-पांढरी-निळी आहे. गडद रंगाच्या कडेचा शाईचा पापुद्रा एवढासा उडाला तरी आतला पांढरा कागद डोळ्यात भरतो. त्यामुळे जॉर्डनची कार्डं हजारोंनी तपासली गेली तरी दहाची श्रेणी मिळालेली तीनशेच्या थोडी वर आहेत. सात लाख त्या तीनशेतल्या एकाला मिळाले, तेही भाव टिपेला पोचले होते तेव्हा. आठ श्रेणीचं तेच कार्ड त्याच्या किती तरी खाली विकलं जातं. हूप्सची कार्डं तपासायला पाठवू नका, तपासणीची फी कार्डापेक्षा जास्त होते.

आता अपर डेक. शुभदाताई, गठ्ठा झालाय म्हणता ते अगदी नेहमीचं दुखणं आहे. अपर डेकने चकचकीत मुलामा दिलेला जाड कागद वापरला. बेसमेंटमधल्या ओलीने एका कार्डाचा मुलामा दुसऱ्याच्या पाठीला धरतो. नखाने सोलायला गेलात तर चेहराच निघून येईल. असं करा: पाकीट फोडून पूर्ण गठ्ठा दोन्ही हातांच्या अंगठ्यांमध्ये लांब कडांनी धरा आणि अगदी किंचित, कमानीइतका, आधी एका बाजूला आणि मग दुसऱ्या बाजूला वाकवा. बारीक कडकड असा आवाज येईल. घाबरू नका, कार्डं एकमेकांना सोडताहेत. दोन-चार वेळा केलं की वरचं कार्ड आडवं सरकवून बघा. उचलायचं नाही, सरकवायचं. नाही सरकलं तर पुन्हा कमान.

त्यात जेरी वेस्ट या जुन्या खेळाडूच्या नावाची एक खास मालिका होती आणि स्वतः वेस्टने सही केलेली २५०० कार्डं पाकिटांत पेरली होती. एनबीएच्या चिन्हावर चेंडू घेऊन धावणारी जी आकृती आहे, ती त्याच्याच फोटोवरून काढलेली. एवढ्या पाकिटांत २५०० म्हणजे निघायची आशा धरू नका, पण निळ्या शाईचं काही दिसलं तर पुसायला जाऊ नका, एवढ्यासाठी सांगून ठेवलं.

फोडण्याची पद्धत विचारलीत. हात धुऊन पूर्ण कोरडे करा. क्रीम, तेल, चिप्सचे हात चालणार नाहीत. टेबलावर सुती कापड पसरा. कात्री नको, कात्रीने वरच्या कार्डाची कड जाते. मागची शिवण बोटांनी दोन्हीकडे ओढून उघडा. कार्डं पत्त्यांसारखी पिसायची नाहीत, ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने एकेक करून बघायची. कडांनी धरायची. आवडलेली पातळ प्लास्टिकच्या स्लीव्हमध्ये आणि मग टॉपलोडरमध्ये, म्हणजे वरून उघड्या कडक प्लास्टिकच्या पाकिटात. बाकीची कार्डांच्या पुठ्ठ्याच्या डब्यात उभी. रबरबँड कधीही नाही. जुने पीव्हीसीचे प्लास्टिक अल्बमही नाहीत, त्यांचा चिकटा कार्डांना लागतो. फोडलेली वेष्टनं फेकू नका, ईशान मोठा झाल्यावर त्याला तीही हवीशी वाटतील.

मिलिंद_फ्रेमाँट

पटलं. ५७ नंबरचं वर्ष वेगळं होतं हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. तरी फ्लीअर ठेवा म्हणालात, म्हणजे थोडी एफडी राहिलीच 🙂

शुभदा_नेपरविल

सगळ्यांचे, विशेषतः अनंतदादांचे खूप आभार. रविवारी फोडली! सविस्तर सांगते.

आजोबांना बोलावलं होतं. त्यांनी दोन ओळी लिहूनही दिल्या. पाकिटं कुठल्या दुकानातून घेतली, ते दुकान कधी बंद झालं, सगळं. डायनिंग टेबलावर पांढरा पंचा अंथरला. ईशानने तुमच्या सूचना छापून समोर ठेवल्या होत्या आणि बाबांनी समोशाचा हात पुढे केला तर त्यांनाच ओरडला.

हूप्सचं पहिलं पाकीट उघडलं तेव्हा नव्या वहीसारखा वास आला. मला वाटलं होतं कुबट येईल. वरचं कार्ड थोडं कमानीसारखं वळलेलं होतं, खालची सरळ. जॉर्डन चारही पाकिटांत नाही. सॅम व्हिन्सेंट नाही, मार्क जॅक्सनही नाही. ईशानने तरी प्रत्येक कार्डाच्या मागची गर्दी तपासली. एका कार्डात प्रेक्षकांत एक बाई विणकाम करताना सापडली, ती त्याला इतकी आवडली की त्याने ते कार्ड वेगळं ठेवलं.

जे निघालं त्यात त्याच्यासाठी मोठं म्हणजे मग्सी बोग्स. ईशान त्याच्या वर्गात सगळ्यांत बुटका आहे आणि त्यावरून त्याला बरंच ऐकावं लागतं. पाच फूट तीन इंच हे कळल्यावर तो मिनिटभर काही बोललाच नाही. मग विचारलं, "आई, हा खरंच खेळायचा? म्हणजे सामन्यात?" आजोबा म्हणाले, खेळायचा म्हणजे काय, मोठमोठ्यांच्या हातातून चेंडू काढून न्यायचा. टिम हार्डवे निघाला, त्याचं पहिल्या वर्षीचं कार्ड आहे असं आजोबांनी सांगितलं. आणि एक ड्राझेन पेट्रोविच, पोर्टलंडचा, २४८ नंबर. त्याचं नाव आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. आजोबांनी मात्र ते कार्ड बराच वेळ हातात धरलं आणि म्हणाले, हा गेला बिचारा. पुढे काही बोलले नाहीत, मग मीही विचारलं नाही. तुम्हाला माहीत असेल.

अपर डेकचं तुमच्या पद्धतीने केलं. कडकड ऐकून माझ्या पोटात गोळा आला होता. बहुतेक सगळी सुटली. दोन कार्डांचा मुलामा कोपऱ्यात निघाला. मागचा चिमुकला होलोग्राम सगळ्यांवर अजून लखलखतो. वेस्ट नाही.

फ्लीअर उजेडात धरलं, एका बाजूला हिरवी जर्सी आणि कुणाचा तरी खांदा दिसतो, चेहरा नाही. ते न फोडता ठेवायचं असं ईशाननेच ठरवलं. कशात ठेवू?

अनंत_कोलंबस

बोग्स निघाला म्हणजे तुमच्या घरी योग्य पाकीट आलं म्हणायचं. ईशानला आणखी एक सांगा. १९८७-८८ मध्ये वॉशिंग्टनच्या संघात बोग्स आणि सात फूट सात इंचांचा मनूट बोल एकत्र होते. दोघांच्या उंचीत दोन फूट चार इंचांचा फरक. त्या दोघांचे शेजारी उभे राहून काढलेले फोटो शोधा म्हणावं. आणि बोग्स चौदा मोसम खेळला, हेही सांगा. वर्गात उत्तर द्यायला उपयोगी पडेल.

पेट्रोविचबद्दल विचारलंत. कार्ड उलटा. १९८९-९० ची सरासरी ७.६ दिसेल. युगोस्लाव्हियातून आलेला, युरोपात एकट्याने सामने फिरवणारा माणूस, आणि पोर्टलंडमध्ये ड्रेक्सलर आणि पोर्टर यांच्या मागे बाकावर बसून होता. तुमच्या हातातलं कार्ड त्या बाकावरच्या वर्षाचं आहे. जानेवारी १९९१ मध्ये त्याला न्यूजर्सी नेट्सने घेतलं आणि तिथे त्याने जे केलं ते मी पाहिलंय. तोवर माझ्याकडे टीव्ही आला होता. हात वर गेला की चेंडू जाळीत पडणारच, असं वाटायचं. १९९२-९३ मध्ये सरासरी २२.३. त्याआधी बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये क्रोएशियाकडून रौप्य, अंतिम सामन्यात समोर अमेरिकेचे जॉर्डन, मॅजिक जॉन्सन, लॅरी बर्ड. तेव्हा युरोपातून आलेल्या गार्डला इथे कुणी गंभीरपणे घेत नव्हतं. आज स्लोव्हेनियाच्या लुका डाँचिचला सगळे डोक्यावर घेतात, ती वाट या माणसाने पाडून दिली. ७ जून १९९३ ला जर्मनीत, बव्हेरियात, पावसात महामार्गावर गाडीला अपघात झाला आणि तो गेला. वय २८. नेट्सने त्याचा ३ नंबर कायमचा मागे घेतला. २००२ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव लागलं. तुमचे आजोबा थांबले ते याच्यामुळे.

त्याच संचात व्लादे दिवाच आहे, लेकर्सचा. दोघे राष्ट्रीय संघात एकत्र, जिवलग मित्र, अमेरिकेत पहिल्या वर्षी एकमेकांना फोन करून धीर देणारे. ऑगस्ट १९९० मध्ये ब्युनोस आयर्सला युगोस्लाव्हियाने जागतिक अजिंक्यपद जिंकलं. त्या जल्लोषात एक माणूस क्रोएशियाचा झेंडा घेऊन कोर्टवर धावत आला आणि दिवाचने तो त्याच्या हातातून हिसकावला. दिवाच सर्ब, पेट्रोविच क्रोएट. मैत्री तिथून तुटली ती जुळलीच नाही, मग देश फुटला, युद्ध झालं, आणि मग तो अपघात. ही दोन कार्डं दुकानांत आली ती नेमकी त्या प्रसंगानंतरच्या आठवड्यांत. त्यामुळे माझ्याकडे ती दोन मी कायम लागून ठेवतो. संचाच्या क्रमाने ठेवायला पाहिजेत, पण नाही ठेवत.

तुम्हाला दिवाच निघालेला दिसत नाही. माझ्याकडे दुबार आहेत, एक ईशानला पाठवतो. सॅम व्हिन्सेंटचं १२ नंबरचंही एक जादा आहे, तेही घालतो. पैसे वगैरे विचारू नका. पत्ता इथे लिहू नका, खाजगी निरोपात कळवा. टॉपलोडरच्या तोंडावर निळी रंगाऱ्याची टेप असेल, ती टोकाला दुमडून ठेवलेली असते. ईशानला तिथे धरून ओढायला सांगा, म्हणजे कार्ड बाहेर काढताना झटका बसणार नाही.

फ्लीअरसाठी: पाकिटाच्या मापाचे कडक ॲक्रिलिकचे डबे मिळतात, कार्डांच्या दुकानात मागा. मऊ प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, मेणकागद दाबला जातो. आजोबांची चिठ्ठी त्याच डब्यात कोंबू नका, वेगळ्या पाकिटात घालून डब्याखाली ठेवा. आणि बेसमेंट नाही, पोटमाळा नाही, खिडकीजवळ नाही. हिरवी जर्सी म्हणजे बॉस्टन असू शकेल किंवा मिलवॉकी. खांद्यावरून ओळखायचं असेल तर एक चांगला फोटो काढून इथे टाका, आपण सगळे मिळून बघू.

श्रीनिवास_नागपूर

फोटो टाकाच ताई. आणि ईशानला सांगा, नागपूरला आला की सिमेंटच्या कोर्टवर घेऊन जातो. अजून आहे ते, बुटासकट खेळू देतो.